कुत्र्याची खाज : घरगुती उपचार
पाळीव कुत्र्याच्या कातडीला सुटणारी खाज आणि तीवर घरी करता येण्याजोगे उपाय. खाज हे लक्षण आहे, रोग नव्हे. तिच्यामागे पिसवा, गोचिडी, लूत, बुरशी, जिवाणू, धूळ वा परागकणांची ॲलर्जी किंवा अन्न असू शकते. कारण न पाहताच तेल चोळण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिने खाज थोडा वेळ दबते, पण खुणा झाकल्या जातात.

तपासणी : कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभे करून कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत बारीक दातांची फणी फिरवावी आणि कागदावर पाणी शिंपडावे. पडलेल्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. डाग न पडणारे कण बहुधा मातीचे. कानाच्या पाळीची कड बोटांत धरून चोळताच मागचा पाय आपोआप खाजवू लागला, तर लुतीचा संशय बळावतो.

पिसवा : कुत्र्यावर सर्वाधिक आढळणारी पिसू नावाने मांजराची आहे (टेनोसेफॅलिडीस फेलिस). मादी दिवसाला 20 ते 50 अंडी घालते. ती चिकटत नाहीत, केसांतून गळतात. म्हणून अळ्या आणि कोश अंथरुणात, सोफ्याच्या खाचेत, फरशीच्या सांध्यांत सापडतात. कोशातील पिसू कीटकनाशकाला सहसा दाद देत नाही. अंगावर औषध लावून अंथरूण तसेच ठेवले, तर महिनाभरात सगळे पहिल्यासारखे होते. अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे व सांधे झाडावेत. हे निदान दोन-तीन महिने नेटाने करावे.

गोचीड : भारतात घरांत आढळणारी तपकिरी गोचीड र्‍हिपिसेफॅलस सँग्विनियस म्हणून ओळखली जाते, पण उष्ण प्रदेशातील प्रकार निराळी जात मानावा, असे अलीकडचे काही संशोधक म्हणतात. रक्त पिऊन टरारलेली मादी खाली पडते आणि भिंत चढते. म्हणून चौकटी, पडद्यांच्या शिवणी, छतालगतच्या भेगा पाहाव्यात. एक मादी काही हजार अंडी घालते. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. काडीने चटका देऊ नये, रॉकेल लावू नये, बोटांनी चिरडू नये; स्पिरिटात टाकावी. नंतर ताप, मरगळ किंवा हिरड्या फिक्या दिसल्यास एर्लिकिया किंवा बॅबेसिया या गोचिडीवाटे होणाऱ्या संसर्गांची शक्यता असते. त्यावर घरगुती उपाय नाही.

लूत : सार्कोप्टीस माइट कातडीत बिळे करतो. कानांच्या कडा, कोपरे व पोटाचे केस जातात, खपल्या धरतात. खोबरेलात गंधक कालवून लावणे हा जुना उपाय. गंधकाने माइट मरतात हे खरे, चुना-गंधकाचे द्रावण पशुवैद्य आजही वापरतात. परंतु घरी प्रमाण साधत नाही आणि कुत्रा अंग चाटतो. डेमोडेक्स माइटची लूत निराळी; तीत सुरुवातीला खाज बेताची असते.

स्नान : कुत्र्याच्या कातडीचा सामू माणसापेक्षा उदासीनतेच्या जवळ असल्याने आपला साबण तिला मानवत नाही. गार किंवा कोमट पाणी घ्यावे. औषधी शाम्पू 10 मिनिटे अंगावर ठेवावा. पाण्यात भिजवलेले ओटचे पीठ तात्पुरता आराम देते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या व कानांमागचा भाग कोरडा करावा, नाहीतर मॅलेसेझिया ही यीस्ट माजते व अंगाला आंबूस वास येतो.

वनस्पती : कडुनिंबाचा काढा व करंजेल यांच्या गुणाबद्दल मतभेद आहेत. चिघळलेल्या जागी दोन्ही टाळावीत. टी-ट्री तेल विषारी.

अपायकारक प्रकार : फिनाईल, रॉकेल, गुरांसाठीची गोचीडनाशके. माणसांच्या स्टेरॉइड मलमाने खाज थांबते आणि बुरशी फोफावते. आयव्हरमेक्टिन हे औषध कोली व तत्सम जातींच्या कुत्र्यांत जिवावर बेतू शकते. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला घातक. खाजेने बेजार झालेल्या मुक्या जनावरावर हे प्रयोग करण्यापेक्षा पशुवैद्याकडे जावे.

अन्नाची ॲलर्जी : सुमारे आठ आठवडे नव्या प्रथिनाचाच आहार देऊन ठरवतात.

माणसांना संसर्ग : लुतीच्या माइटमुळे घरच्यांना पुरळ येते, कुत्रा बरा झाला की तेही ओसरते. लहान मुलाच्या पोटात पिसू गेल्यास पट्टकृमी होऊ शकतो.