घाटाच्या दोन बाजूंची विद्यापीठे

चिपळूण तालुक्यातील पोफळी हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. घाटमाथ्यावरील कोयनेचे पाणी बोगद्यातून येथे उतरते व डोंगराच्या पोटातील जनित्रे फिरवते. ही वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. आज घाटावर पाटणला शिकणारा विद्यार्थी त्या विद्यापीठाची पदवी घेतो. पोफळीहून चिपळूणच्या महाविद्यालयात जाणारा मात्र दूरच्या मुंबई विद्यापीठाची. महाविद्यालय एकीकडे आणि विद्यापीठ दुसरीकडे, ही व्यवस्था आली कोठून?

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. त्यांचा नमुना तेव्हाचे लंडन विद्यापीठ हा होता. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. यालाच आपण 'संलग्नता' म्हणतो. त्यामुळेच कराची आणि धारवाड येथील महाविद्यालयेही एकेकाळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती.

परीक्षा घेणाऱ्याला अंतराची अडचण नव्हती, शिकणाऱ्याला होती. मालवणला जन्मलेले रा. गो. भांडारकर रत्नागिरीत शिकले, पण पुढील शिक्षणासाठी त्यांना मुंबई गाठावी लागली. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत ते होते. रत्नागिरीत महाविद्यालय निघाले १९४५ मध्ये, चिपळूणला १९६५ मध्ये. संलग्नतेमुळेच अशा लहान गावांत मान्यताप्राप्त पदवी मिळू लागली, हे विसरता येणार नाही.

पण त्याची किंमतही पडली. जो शिकवतो तो प्रश्नपत्रिका काढत नाही. मग शिकवणे परीक्षेमागे धावते आणि प्रयोग जर्नलपुरता उरतो. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली, तरी महाविद्यालयांची घडी तशीच राहिली. दापोलीचे कृषी विद्यापीठ (१९७२) वेगळ्या धर्तीचे आहे. तेथे अध्यापन, संशोधन आणि शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोचवणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेकडे आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नता टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याचे सुचवले आहे. म्हणजे परीक्षेची जबाबदारी शिकवणाऱ्यावरच येईल. ती पेलायला आपण तयार आहोत का?

वर्गात एक उपक्रम करून पाहा. गावातील पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवरील विद्यापीठांची नावे व वर्षे विद्यार्थ्यांना टिपायला सांगा आणि ती नकाशावर मांडा. सातारा जिल्ह्यात मुंबई, पुणे व शिवाजी अशी तीन नावे मिळू शकतील. गाव तेच; विद्यापीठाची सीमा मात्र सरकत गेलेली दिसेल.