राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा: चुंबकत्वाच्या अभ्यासाची वाटचाल

पुण्यात पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजेच एनसीएलचे, उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. रंगद्रव्ये, कीटकनाशके, बहुवारिके आणि उत्प्रेरक यांवरील कामामुळे संस्थेचे नाव उद्योगविश्वात दृढ झाले. त्याच छताखाली घनपदार्थांच्या चुंबकत्वाचा अभ्यासही चालत आला. त्या अभ्यासाची ही नोंद.

पहिले संचालक जेम्स मॅकबेन यांच्यानंतर १९५२ मध्ये जॉर्ज फिंच यांनी सूत्रे हाती घेतली. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्यांचा आग्रह धरणारे गिर्यारोहक ते हेच. इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने पृष्ठभाग आणि पातळ थर यांची अणुरचना वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. नवस्वतंत्र देशात परकीय चलनाची चणचण होती आणि बहुतेक उपकरणे परदेशातून मागवावी लागत. तरीही फिंच यांच्या कारकिर्दीत घनपदार्थांच्या रचनेचा अभ्यास येथे रुजला.

१९५७ मध्ये त्याची फळे दिसली. फिंच, ए. पी. बी. सिन्हा आणि के. पी. सिन्हा यांनी फेराइट-मँगनाइटांच्या स्फटिकांत येणाऱ्या विकृतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ए. पी. बी. सिन्हा, एन. आर. संजना आणि ए. बी. बिस्वास यांचा मँगनाइटांच्या संरचनेवरील निबंध आला. हे पदार्थ स्पिनेल कुळातले.  मँगनीजच्या आयनांमुळे घनाकृती स्फटिक एका अक्षावर ताणला जातो आणि सर्व दिशा सारख्या राहत नाहीत. चुंबकन काही दिशांना सहज वळते, काहींना अडते. या गुणाला चुंबकीय विषमदिकता म्हणतात.

१९५७ मध्येच के. वेंकटरामन पहिले भारतीय संचालक झाले. पुढे बी. डी. टिळक, एल. के. दोराईस्वामी आणि रघुनाथ माशेलकर यांच्या काळात संस्थेचा भर रासायनिक उद्योगाच्या गरजांवर राहिला. चुंबकीय पदार्थांचे काम तुलनेने लहान गटांकडे होते, पण ते थांबले नाही. १९९८ मध्ये पी. ए. जॉय, पी. एस. अनिल कुमार आणि एस. के. दाते यांनी एका नेहमीच्या मोजणीचा अर्थ उलगडला. नमुना चुंबकीय क्षेत्राविना थंड केला आणि क्षेत्रात थंड केला, तर दोन वेगळे आलेख मिळतात. त्या दोहोंतील अंतराचा संबंध विषमदिकतेशी, आणि चुंबकन उलटवण्यासाठी लागणाऱ्या क्षेत्राशी कसा लागतो, हे त्यांनी दाखवले. जगभरच्या प्रयोगशाळा आजही या निबंधाचा आधार घेतात.

दरम्यान जपानमध्ये हिदेओ ओहनो यांच्या गटाने गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज मिसळून लोहचुंबकीय अर्धसंवाहकाचे पातळ थर तयार केले होते. अशा थरात चुंबकन कोणत्या दिशेला स्थिरावेल हे खालच्या आधारस्फटिकाच्या ताणावर ठरते. थर दाबला गेला तर चुंबकन प्रतलातच राहते, ताणला गेला तर उभे होते. उलटे क्षेत्र लावले की ते अनेकदा दोन टप्प्यांत फिरते. मात्र हे चुंबकत्व सुमारे ११० केल्विनपर्यंतच टिकत होते. म्हणून खोलीच्या तापमानाला टिकणाऱ्या पदार्थाचा शोध सुरू झाला.

या शोधात पुणे विद्यापीठात घडलेले सतीशचंद्र ओगले अग्रभागी होते. २००३ मध्ये मेरीलँडमधील सहकाऱ्यांसह त्यांनी कोबाल्टमिश्रित टिन ऑक्साइडच्या थरांत सुमारे ६५० केल्विनपर्यंत टिकणारे लोहचुंबकत्व नोंदवले. लगोलग शंकाही उभ्या राहिल्या. हे चुंबकत्व ऑक्साइडचे, की त्यात दडलेल्या कोबाल्टच्या सूक्ष्म कणांचे? २००४ मध्ये ओगले यांच्याच गटाने टायटॅनियम ऑक्साइडच्या थरांत असे कण दाखवून दिले आणि पुरावा मानल्या जाणाऱ्या हॉल परिणामावर विसंबता येत नाही, हे स्पष्ट केले.

एनसीएलमध्येही हीच कसोटी लावली गेली. एस. डेका, रेणू पसरिचा आणि पी. ए. जॉय यांनी २००४ ते २००६ या काळात कोबाल्टमिश्रित झिंक ऑक्साइड तपासले. त्यांना लोहचुंबकीय नमुने मिळाले आणि अनुचुंबकीयही. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून तुलना प्रसिद्ध केली. पुढे ओगले एनसीएलमध्ये आले. ऑक्साइडांतील विरळ मिश्रण, दोष आणि लोहचुंबकत्व यांचा त्यांनी घेतलेला विस्तृत आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

२०२५ मध्ये संस्थेला ७५ वर्षे पूर्ण झाली. शोधनिबंधांवर मोजक्यांची नावे असतात. परंतु भट्ट्या राखणारे, काचकाम करणारे, मापनयंत्रे सांभाळणारे तंत्रज्ञ आणि रात्री जागून नमुने तयार करणारे संशोधक विद्यार्थी यांच्या श्रमांवर हे काम उभे आहे. ऑक्साइड अर्धसंवाहकांतील चुंबकत्वाचा वाद पुरता मिटलेला नाही. मात्र आधी रचना तपासावी आणि मगच दावा करावा, ही फिंच यांच्या काळापासूनची शिस्त एनसीएलने तीन पिढ्या जपली.