लाटांखालची भूमि आणि आकाशाची किल्ली

महायुद्धाचा इतिहास लिहितांना लेखणी बहुधा सेनापतींच्या तंबूभोंवतींच घुटमळते. कोणीं कोठें चढाई केली, कोणतें शहर कोणत्या दिवशीं पडलें, याची नोंद सर्वत्र सांपडते. परंतु चढाईच्या दिवशीं आभाळ निवळेल कीं नाहीं, हें कशाच्या आधारें ठरविलें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. या प्रश्नाचा माग काढीत गेलें असतां आपण स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत पहुडलेल्या टायरी नांवाच्या एका लहानशा बेटापाशीं येऊन पोंचतों. आज वाचकांस तेथेंच नेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें बेट लांबीला सुमारें १२ मैल, आणि इतकें सपाट कीं, गेलिक भाषेंत त्यास ‘लाटांखालची भूमि’ असें एक नांव पडलें आहे. झाडें जवळजवळ नाहींत. वारा मात्र वर्षभर मोकाट. किनाऱ्यालगत शिंपल्यांच्या वाळूवर उगवलेलीं सुपीक कुरणें, जाड दगडी भिंतींचीं बैठीं घरें, थोडी शेती, गुरें, मेंढ्या आणि पोटासाठीं जहाजावर गेलेले तरुण, असा तेथील संसार. जमिनीची मालकी आर्गाइलच्या ड्यूकची. कसणारा केवळ कूळ. १८३१ सालीं येथें ४,४०० वर माणसें होतीं. पुढें बटाट्याचें पीक बुडालें, दुष्काळ आला, कुळें उठविलीं गेलीं, जहाजें भरभरून लोक कॅनडास गेले. १९३१ सालीं वस्ती सुमारें १,४५० वर आली होती. मध्यंतरीं, १८८६ सालीं, जमिनीसाठीं कुळांनीं हट्ट धरला, तेव्हां सरकारनें या बेटावर पोलीस व नौसैनिक उतरविले आणि कांहीं जणांस तुरुंगांत धाडलें. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कुळांच्या वहिवाटीस कायद्याचें संरक्षण दिलें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. पुढील हकीकत वाचतांना ही गोष्ट विसरूं नये.

कारण अर्ध्या शतकानंतर तेंच सरकार पुन्हा या बेटाच्या दारीं आलें. या खेपेस त्यास बेटाच्या मध्यभागचें ‘रीफ’ नांवाचें विस्तीर्ण कुरण हवें होतें. जेथें गुरें चरत, तेथें धांवपट्ट्या झाल्या. पत्र्याच्या अर्धगोल बराकी उभ्या राहिल्या. टेंकडीवर रडारचे मनोरे चढले. १९४२ सालीं पोलंडच्या वैमानिकांची एक तुकडी कांहीं आठवडे येथें राहून गेली. मायदेश शत्रूच्या ताब्यांत गेलेले ते तरुण आणि ज्यांच्या आजोबांच्या झोंपड्या जमीनदारानें मोडल्या होत्या ते बेटकर, एकाच वाऱ्यांत उभे राहिले. बेटाचे स्वतःचे तरुण नौदलांत व व्यापारी जहाजांवर दूर होते. त्यांच्या जागीं सुमारें दोन हजार परके लोक येऊन राहिले.

१९४३ च्या सप्टेंबरांत ५१८ क्रमांकाची तुकडी येथें आली, आणि बेटाचें खरें कार्य सुरू झालें. या तुकडीचें काम बाँब टाकण्याचें नव्हतें; तें हवा पाहण्याचें होतें. युद्धामुळें समुद्रावरील जहाजांना बिनतारी संदेश पाठविण्याची मनाई होती. बोलावें तर पाणबुडीस ठिकाण कळे. त्यामुळें जेथून युरोपची हवा येते, तो पश्चिमेचा महासागर हवामानशास्त्रज्ञांस आंधळा झाला होता. ही उणीव टायरीच्या चार इंजिनांच्या हॅलिफॅक्स विमानांनीं भरून काढली. तीं सुमारें ७०० मैल समुद्रावर जात. कधीं लाटांच्या अगदीं जवळ उतरून, कधीं सुमारें १८,००० फुटांवर चढून वायुभार व उष्णमान मोजीत, आणि तें सांकेतिक भाषेंत कळवीत. ज्या हवेंत इतर विमानें जमिनीवर बांधून ठेवीत, त्याच हवेंत यांना जावें लागे. वादळ पाहणें हेंच त्यांचें काम. पुण्यांतील ज्या वेधशाळेस लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिच्या अंदाजाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या वाचकांस एका वायुभाराच्या आंकड्याचें मोल निराळें सांगावयास नको.

तें मोल १९४४ च्या जूनमध्यें कळून आलें. फ्रान्सवरील स्वारी ५ जूनला ठरली होती. अटलांटिक, आयर्लंड व इतर ठिकाणांहून आलेल्या वेधांवरून मुख्य हवामान-सल्लागार स्टॅग यांनीं प्रथम वादळाचा इशारा दिला, व मागून ६ तारखेस थोडी उघडीप मिळेल असें सांगितलें. आयझेनहॉवरनें तो शब्द प्रमाण मानला. जर्मनांस मात्र त्या महासागराचे पुरेसे वेध मिळत नव्हते. अशा हवेंत कोणी येणार नाहीं असें समजून रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठीं घरीं गेला होता. टायरीच्या विमानांनींच हें सर्व घडविलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण त्या निर्णयाच्या पायांत तेथले दगड आहेत, यांत संशय नाहीं.

किंमतहि द्यावी लागली. कांहीं विमानें परतलींच नाहींत. १६ ऑगस्ट १९४४ रोजीं तर दोन हॅलिफॅक्स विमानें बेटाच्याच आकाशांत एकमेकांवर आदळलीं व दोहोंवरील १६ हि जण ठार झाले. सोरोबीच्या दफनभूमींत बेटकरांच्या शेजारीं वैमानिकांच्याहि कबरी आहेत.

१९४५ च्या सप्टेंबरांत ती तुकडी उत्तर आयर्लंडला गेली. बराकी ओस पडल्या. धांवपट्टी तेवढी मागें राहिली. आज तिच्यावर नागरी विमान उतरतें, आणि आजारी माणसास मुख्य भूमीवर नेण्यास तिचाच आधार असतो. त्या तुकडीच्या चिन्हावर किल्ली धरलेला हात होता, आणि त्याखालीं ‘किल्ली आमच्याच हातीं आहे’ या अर्थाचें वाक्य बेटाच्या गेलिक भाषेंत कोरलें होतें. ज्या लोकांना स्वतःच्या शेताची खात्री मिळण्यास पिढ्या लागल्या, त्यांच्याच भाषेंत साम्राज्याच्या तुकडीनें आपलें ब्रीद लिहावें, हा योगायोग आम्हांस लहान वाटत नाहीं. मोठ्या राष्ट्रांचें ऋण असें पुष्कळदां लहान गांवांच्या नांवें असतें. तें फिटत नाहीं. पण इतिहास लिहिणाऱ्यानें निदान तें मांडून तरी ठेवावें.