पाऊस पडेपर्यंतचं काम

मी तुमच्या ग्रामसंघाची समन्वयक बोलतेय. आज बचतीचा हिशोब नाही, की कर्जाचा हप्ता नाही. आज थोडा इतिहास सांगणार आहे. तो राजा-राणीचा नाही, घरात बसून पोटासाठी काम करणाऱ्या बायकांचा आहे.

२०२० चा मार्च महिना आठवतो ना? २५ तारखेपासून एकवीस दिवस सगळं बंद, असं टीव्हीवर सांगितलं. त्याच दिवसांत एक नवा शब्द कानावर पडायला लागला, ‘वर्क फ्रॉम होम’. तसं काम माझ्याही वाट्याला आलं. चौदा गटांच्या वह्या मी पिशवीत भरून घरी आणल्या आणि स्वयंपाकघरात ज्वारीच्या पोत्यावर ठेवल्या. म्हटलं, एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे, वेगळी जागा कशाला करायची?

एप्रिल गेला, मे गेला, पावसाळा लागला, तरी वह्या पोत्यावरच. फोनवर बोलताना कुकरची शिट्टी व्हायची. हिशोब लिहायला बसले की सासूबाई म्हणायच्या, “घरीच हायस, तर जरा दूध बघ.” त्यांचं काही चुकत नव्हतं. मी बाहेर जात होते तेव्हा ते काम दिसत होतं. घरात आले आणि ते दिसेनासं झालं. रात्री अकराला सगळे झोपले की मी वह्या उघडायची. दिवसभर घरी असूनही मला कामाला दिवस मिळत नव्हता.

माझी आई तेव्हा आमच्याकडेच अडकली होती. ती सोलापूरची बिडी कामगार. कारखाने बंद, म्हणून तिच्या हाताला काम नव्हतं. एक दिवस माझी चिडचिड ऐकून ती म्हणाली, “तुला एकवीस दिसांचं सांगितलं व्हतं. माझ्या आयला पाऊस पडूस्तोवरचं सांगितलं व्हतं.”

ती १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलत होती. विहिरी आटल्या, जनावरं विकली, तेव्हा आजी-आजोबा पोरांना घेऊन सोलापुरात आले. पाऊस पडला की परत जायचं, असं ठरलं होतं. आजी बिड्या वळायला शिकली. सुरुवातीला ती कारखान्यातच रांगेत बसायची. मग पान-तंबाखू घरी नेऊन वळा, असं सांगण्यात आलं. आजीला बरंच वाटलं. चूल जवळ, लेकरं डोळ्यांसमोर. पुढच्या वर्षी पाऊस पडला, पण गावी परतायला काही उरलं नव्हतं. आजीने पुढची तीस वर्षं बिड्या वळल्या. आईने लग्नानंतर ‘कर्ज फिटेपर्यंत’ म्हणून सूप मांडीवर घेतलं, ते अजून उतरलेलं नाही.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तेंदूची पानं आणायची, भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने सारखी कापायची. मग सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांवर. हजार वळायला दिवस मोडतो, आणि पान भिजवणं, कापणं यांचा वेळ कुणी मोजत नाही. लेकी शाळेतून आल्या की पानं कापायला बसतात. मीही बसले आहे. त्या मजुरीत माझं नाव कुठंच नव्हतं.

काम घरी आलं तेव्हा आजीच्या हातून काय काय गेलं, हे आई त्या दिवशी एकेक करून सांगत होती. कारखान्यात दिवा मालकाचा होता, घरी आपला. तिथं पाणी, पंखा, छप्पर त्यांचं होतं, घरी सगळं आपल्या खिशातून. तिथं संध्याकाळी सुट्टी व्हायची, घरी ती होत नाही. तंबाखूची धूळ लेकरांच्या नाकात जायला लागली. आणि तिथं शेजारी चार बायका होत्या. मजुरी कमी पडली तर एकमेकींकडे बघता यायचं. घरी प्रत्येक जण एकटी.

मैत्रिणींनो, बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता. पण त्या पुस्तकांत आजीचं हे सूप कुठं नव्हतं. म्हणून लॉकडाऊनच्या त्या रात्री मी त्याचा शोध घेतला. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

आपल्याकडे कारखान्यांचा कायदा १९४८ चा. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार असले की तो लागू व्हायचा. बिडीला वीज लागत नाही. मग काही मालकांनी मोठे कारखाने मोडून छोटी छोटी ठिकाणं केली, काहींनी कंत्राटदार नेमून काम घराघरांत वाटलं. बाई घरी बसली की ती कामगार नाही, आणि आपण तिचे मालक नाही, असा हा हिशोब होता. त्यावर १९६६ साली संसदेने बिडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात कामगार कोण हे सांगताना स्पष्ट लिहिलं, की मालकाने किंवा कंत्राटदाराने दिलेला कच्चा माल घरी नेऊन बिड्या वळणारी व्यक्तीसुद्धा कामगार. मालक कोर्टात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

१९७६ साली बिडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून दवाखाने आले, मुलांना शिष्यवृत्त्या आल्या. माझ्या शाळेची शिष्यवृत्ती त्यातलीच. १९७७ साली बिडी धंद्याला भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पी.एफ., लागू झाला. मालक पुन्हा कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं, की या बायका घरी केव्हाही काम करतात, कशाही करतात, आमची त्यांच्यावर देखरेख नाही. मग त्या आमच्या कामगार कशा?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिलं. ते नीट ऐका, कारण ते आपल्या रोजच्या अनुभवातलं आहे. बाई वळलेल्या बिड्या घेऊन जाते, तेव्हा तपासणारा माणूस त्यातल्या काही बाजूला काढतो. त्याला ‘छाट’ म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. आमच्या घरात छाट या शब्दाची भीती होती. आई परत आली की आजी आधी हेच विचारायची, “किती छाट निघाली?” न्यायालय म्हणालं, ज्याला माल नाकारायचा हक्क आहे त्याची त्या कामावर देखरेख आहेच. बिडीसारख्या साध्या कामात एवढी देखरेख पुरेशी आहे. म्हणून घरी वळणारी बाईसुद्धा त्याची कामगार आहे आणि तिला पी.एफ. मिळाला पाहिजे.

बघा, ज्या छाटीने आजीचे पैसे गेले, तीच छाट कोर्टात बायकांच्या बाजूची साक्ष ठरली.

पण कोर्टाचा निकाल आपोआप घरी येत नाही. आईचं कार्ड होतं, वहीत रोजच्या बिड्यांची नोंद होती, म्हणून तिचा पी.एफ. कापला गेला आणि तिची पेन्शन सुरू झाली. फार नाही, महिन्याला हजार रुपयांच्या आसपास. आमच्या शेजारच्या काकूंनीही आईइतकीच वर्षं बिड्या वळल्या. पण त्यांचा माल दुसऱ्या बाईच्या कार्डावर जमा व्हायचा. ‘आता थोडे दिवस असंच चालू द्या, मग तुमचं कार्ड काढू’ असं त्यांना सांगितलेलं. ते थोडे दिवस बावीस वर्षं चालले. आज काकूंना पेन्शन नाही. काम सारखंच होतं. फरक फक्त नोंदीचा.

इतर ठिकाणी काय झालं, तेही थोडक्यात सांगते. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्यासोबत बायकांनी ‘सेवा’ ही संघटना उभी केली. तेव्हा नोंदणीच्या कचेरीत विचारलं गेलं, की तुम्हाला मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? बायकांनी उत्तर दिलं, संघटना आमच्या एकीसाठी आहे. नोंदणी झाली. १९९६ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. इतर कामगारांना जे हक्क, तेच घरी काम करणाऱ्यांना, असं तो सांगतो. त्यामागे ‘सेवा’च्या बायकांचे मोठे प्रयत्न होते. भारताने मात्र त्यावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात जणींनी उसने ऐंशी रुपये घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. तिथंही पीठ घरी न्यायचं आणि पापड लाटून परत द्यायचे. पण लाटणारी बाईच तिथं सभासद आणि मालकीण. घरी काम करणं म्हणजे कमीपणा, असं मी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की हिशोबाची वही कुणाच्या हातात आहे.

आणि आमच्या सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने बिडी कामगार बायकांची दहा हजार घरकुलं उभी राहिली, २००६ साली त्यांचं लोकार्पण झालं. घर हेच जिचं कामाचं ठिकाण, तिच्यासाठी घर मागणं म्हणजे उजेड मागणं, कोरडी जमीन मागणं. तिथं राहायला गेलेल्या आईच्या एका मैत्रिणीने पहिल्यांदा काय सांगितलं असेल? “आता पानं ठेवायला वेगळा कोपरा हाय.”

आता माझी चूक सांगते. त्याच २०२० साली आपल्या दोन गटांनी मास्क शिवायची ऑर्डर घेतली. कापड त्यांचं, मशीन, दोरा आणि वीज आपली. दोन हजार मास्क दिले. त्यातले तीनशे नापास झाले, म्हणून पैसे कापून आले. मी फोनवर बायकांना कळवलं, “नापास झालेले धरू नका.” तेव्हा एक ताई म्हणाली, “माझे बेचाळीस टाकले म्हणताय. मग ते कुठं हायत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आई पलीकडे बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “छाट काढायची आन ठिवून बी घ्यायची, हे मी लई बघितलंय.”

मला लाज वाटली. मी त्या ऑर्डर देणाऱ्याकडे गेले, तर एकशे दहा मास्क परत मिळाले. बाकीचे ‘सापडत नाहीत’. किती माल दिला, कसा असला म्हणजे पास, नापास माल कुणाचा, यातलं काहीच मी लिहून घेतलं नव्हतं. ज्वारीच्या पोत्यावरच्या वह्यांत बचत होती, कर्ज होतं, हजेरी होती, बायकांच्या कामाची नोंद नव्हती. थोड्या दिवसांचं काम आहे, असं मलाही वाटलं होतं. त्या बायकांचे पैसे आम्ही गटाच्या नफ्यातून दिले, आणि चूक माझी होती हे इतिवृत्तात लिहायला लावलं.

त्यानंतर मी घरात एक कोपरा केला. लोखंडी ट्रंक, वर चटई. दुपारी दोन ते पाच त्या चटईवर मी कामावर असते, हे सासूबाईंना आणि पोरांना सांगितलं. पहिले आठ दिवस कुणी ऐकलं नाही. मग आईच दारात बसायला लागली, पोरं आली की म्हणायची, “आई हापिसात गेलीय.” पोरं हसायची, पण परत फिरायची.

मैत्रिणींनो, थोड्या दिवसांसाठी म्हणून घरात आणलेलं काम किती राहील, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ते काम आहे असं समजायचं. त्याला जागा द्यायची, वेळ द्यायची, आणि वहीत लिहायचं. शिवण असो, पापड-शेवया असो, की गोधडी. माल किती आला, किती दिला, किती परत आला, दोरा-वीज किती लागली. नापास माल आपल्याला परत मिळाला पाहिजे, नाहीतर त्याचे पैसे. २०२० साली संसदेने जुने कामगार कायदे एकत्र करून नव्या संहिता मंजूर केल्या, त्यात हा बिडीचा कायदाही आला. कायद्याचं नाव बदललं, कलमं बदलली. पण बाईने काम केलं याचा पुरावा तिच्याच हातात असावा लागेल, हे बदलणार नाही.

आपल्याकडे शिवणकामाची नवी ऑर्डर येतेय, हे तुम्हाला माहीत आहेच. ती घ्यायची की नाही हे पुढच्या बैठकीत ठरवू. येताना प्रत्येकीने दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर आपलं स्वतःचं नाव लिहा, नवऱ्याचं नको आणि शेजारणीचं नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आपण तिथंच शिकवू, निदान आकडे तरी. त्या दिवशी माझी आईही येणार आहे. तिची जुनी बिडीची वही ती सोबत आणणार आहे. बघायला या.