कोणत्या सालची एमजीबी?

एमजीबी ही उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार १९६२च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आली आणि १९८०च्या ऑक्टोबरमध्ये तिचे उत्पादन थांबले. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यातून या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. बाहेरून गाडी साधारण तशीच दिसत राहिली. आत मात्र इतके फेरफार झाले, की जुनी एमजीबी घेऊ पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो सालाचा. कोणत्या सालाला किती भाव, हे अभियंत्यांनी जेवढे ठरवले, तेवढेच वॉशिंग्टनच्या नियमांनी आणि लंडनच्या करखात्यानेही ठरवले आहे.

सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या गाडीला वेगळी चॅसी नव्हती; पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलत असे. इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, ९५ अश्वशक्तीचे. भारतीय वाचकाला ते अगदीच परके नाही, कारण अ‍ॅम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही याच ‘बी-सिरीज’ घराण्यातले होते. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंग होती. १९६४च्या शरद ऋतूत ती पाच झाली आणि इंजिन अधिक दणकट झाले. तीन बेअरिंगचे इंजिन जास्त मोकळेपणाने फिरते, असे शौकीन सांगतात. पण १९६५पर्यंतच्या, ओढून उघडायच्या हँडलांच्या गाड्यांना संग्राहक जास्त पैसे मोजतात ते मुख्यतः त्या आधीच्या आहेत म्हणून. रोज चालवायला पाच बेअरिंगचीच बरी.

१९६५मध्ये पिनिनफारिना या इटालियन संस्थेच्या मदतीने आखलेली, बंद टपाची ‘जीटी’ आली. १९६७च्या अखेरीस ‘मार्क टू’ आली आणि खरेदीदाराच्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची सीमारेषा ठरली. त्याआधी पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. गाडी पुरती थांबण्याआधी पहिला गिअर टाकला की तो करकरायचा. आता चारही गिअरना सिंक्रोमेश मिळाले, डायनामोच्या जागी आल्टरनेटर आला आणि पॉझिटिव्ह अर्थिंग जाऊन नेहमीचे निगेटिव्ह आले. त्यामुळे या गाड्यांना आजचा रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन सहज बसते. याच सुमारास सहा सिलिंडरची ‘एमजीसी’ निघाली. पुढचा भाग जड झाल्याची टीका तिला भोवली आणि १९६९मध्ये ती बंद पडली. १९७३ ते १९७६ या काळातली ‘जीटी व्ही-एट’ जास्त यशस्वी अभियांत्रिकी होती, पण अमेरिकेत ती विकायला काढलीच नाही आणि एकूण २,५९१ गाड्यांवर तिचा कारभार आटोपला.

यापुढचे बहुतेक बदल अमेरिकन कायद्यांमुळे झाले. १९६८च्या मॉडेलपासून तिकडच्या गाड्यांना गादी लावलेला जाडजूड डॅशबोर्ड आणि धूर कमी करणारा हवेचा पंप आला. मग बंपरचे नियम आले: हळू वेगातली धडक गाडीने इजा न होता सोसली पाहिजे आणि बंपर ठरावीक उंचीवर असले पाहिजेत. नवी बॉडी आखायला कंपनीकडे पैसा नव्हता. म्हणून १९७४च्या सप्टेंबरमध्ये क्रोमचे नाजूक बंपर काढून काळे, फुगीर बंपर बसवले गेले, आणि दिवे-बंपर नियमाच्या उंचीला यावेत म्हणून अख्खी गाडीच सुमारे दीड इंच वर उचलली गेली. त्यातच खर्च वाचवण्यासाठी उघड्या गाडीची पुढची अँटी-रोल बार गाळली, आणि गाडी वळणावर कलंडू लागली. १९७५पासून अमेरिकन गाड्यांना दोनऐवजी एकच कार्बोरेटर राहिला. ताकद सत्तरच्याही खाली घसरली. १९७७च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्हीकडे अँटी-रोल बार आल्या आणि चूक बरीचशी निस्तरली. ‘रबर बंपर’ गाड्यांना सरसकट नावे ठेवली जातात. खरा दोष आहे तो मधल्या दोन वर्षांचा.

कागदावरच्या सालावर मात्र फार विसंबता येत नाही. मॉडेलचे वर्ष शरद ऋतूत सुरू होई, नोंदणी कधी कधी बरीच उशिरा होई. चॅसी नंबर जास्त खरे बोलतो: जीएचएन ही अक्षरे उघड्या गाडीची, जीएचडी जीटीची, पुढचा आकडा तीन असेल तर गाडी पहिल्या पर्वातली, चार असेल तर ‘मार्क टू’पासूनची, आणि पाच असेल तर त्यानंतरची.

साल कोणतेही असो, या गाडीचा खरा शत्रू गंज. दाराखालची सिल म्हणजे पत्र्याच्या अनेक थरांची पेटी, आणि उघड्या गाडीचा कणा तीच. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साचतो आणि दारापुढच्या पत्र्यावर उभ्या रेषेत रंगाला फोड येतात. ते दिसले, की आतली सिलही खाल्ली गेली असल्याची शंका घ्यावी. जाणकार गाडी जॅकवर चढवून दार उघडतात. दाराभोवतीची फट मिटत गेली तर कणा गेला. १९८८मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांतून नव्या बॉड्या काढायला सुरुवात केल्यावर जुन्या नंबरावर नवी बॉडी चढवणे शक्य झाले. क्रोम बंपर लावून घेतलेल्या उत्तरकाळातल्या गाड्याही पुष्कळ आहेत.

कायद्याने आणखी दोन रेषा आखल्या. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या मॉडेलांना धूर-तपासणी माफ आहे, १९७६पासूनच्यांना नाही. ब्रिटनमध्ये १९७३पूर्वी बनलेल्या गाड्यांना रस्ताकर माफ होता आणि ही तारीख १९९७पासून गोठवलेली होती. त्यामुळे १९७२ची गाडी तशाच १९७३च्या गाडीपेक्षा जास्त मोलाची ठरे. २०१४पासून चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना दरवर्षी सवलत मिळू लागली आणि १ एप्रिल २०२१ रोजी शेवटची एमजीबीही करमुक्त झाली. ब्रिटनमध्ये आता कराच्या हिशोबात सगळी साले सारखीच आहेत. क्रोम आणि रबर यांच्या किमतींतली तफावत उरली आहे ती मुख्यतः दिसण्याची, आणि शाबूत सिलची १९७८ची गाडी गंजलेल्या १९६४पेक्षा केव्हाही चांगली.