हिंगणघाटचा 'बनी' कापूस : एका देशी वाणाच्या ऱ्हासाचा इतिहास

प्रस्तावना :

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा करण्यात आला. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) सुरू असल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस दुर्मीळ झाला होता. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली आणि 'हिंगणघाट' हे केवळ गावाचे नाव न राहता बाजारातील एका प्रतीचे नाव बनले. हा लौकिक 'बनी' या तलम, लांब धाग्याच्या देशी वाणामुळे होता. तथापि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत बनीची जागा आखूड धाग्याच्या 'जरी'ने घेतली. वसाहतकालीन लिखाणात अशा ऱ्हासाचा दोष बहुधा शेतकऱ्याचे अज्ञान व व्यापाऱ्यांची भेसळ यांना दिलेला आढळतो. भेसळ होत होती हे खरे. अज्ञानाचा आरोप मात्र तपासून पाहावा लागतो.

विवेचन :

कापसाचा भाव त्यातून रुई किती निघते, म्हणजे उतारा किती, यावर ठरे. बनीचा उतारा सुमारे एक चतुर्थांश, तर जरीचा एक तृतीयांश धरला, तर १०० शेर कापसातून बनीची २५ आणि जरीची ३३ शेर रुई मिळेल. सरकीची किंमत बाजूला ठेवली, तरी दोहोंचे उत्पन्न सारखे व्हायला बनीच्या रुईला जवळपास एक तृतीयांश अधिक भाव हवा. शिवाय जरीचे पीकही अधिक येई. तलमपणाची स्तुती होत होती, पण तेवढी किंमत मोजणारे गिऱ्हाईक नव्हते. यादवी युद्ध संपताच मँचेस्टर पुन्हा अमेरिकन कापसाकडे वळले. पुढे जपानमधील गिरण्यांना आणि जाडे सूत कातणाऱ्या भारतीय गिरण्यांना आखूड धागा चालत होता. अशा स्थितीत जरी पेरणारा शेतकरी अज्ञानी नव्हता, हिशेबी होता.

बनी व जरी हे दोन्ही आजच्या वर्गीकरणात गॉसिपियम आर्बोरियम या एकाच जातीत मोडतात. एकाच जातीत एवढा फरक कसा, याचा विचार अलीकडच्या जनुकशास्त्राच्या आधारे करता येतो. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी. ती काही दिवस लांबत जाते आणि मग तिच्या भिंतीत सेल्युलोज साचू लागते. अमेरिकन कापसाच्या (गॉसिपियम हिर्सुटम) वन्य व लागवडीखालील रोपांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत, तंतू वाढत असताना हजारो जनुकांच्या कार्याची पातळी दोहोंत वेगळी असल्याचे दिसले. लागवडीच्या वाणात लांबण्याचा काळही अधिक टिकतो. म्हणजे मुख्य फरक जनुक असण्या-नसण्यात नाही. ते केव्हा व किती कार्य करते यात आहे. भातासारख्या पिकांतही वन्य व लागवडीच्या प्रकारांची अशीच तुलना झाली आहे.

हा निष्कर्ष बनी-जरीला जसाच्या तसा लावता येणार नाही. देशी कापसाचा निर्विवाद वन्य पूर्वज अद्याप सापडलेला नाही आणि बनी व जरी दोन्ही लागवडीतलेच. तरीही निवडीचे तत्त्व समान आहे. पिढ्यान्‌पिढ्या जे बी राखले जाते, त्याच्याच जनुकीय रचनेला शेतात वाव मिळतो. वर्धेत हे बी हिंगणघाटच्या बाजारातील तराजू निवडत होता.

दोन महायुद्धांच्या दरम्यान कृषी खात्याने 'व्हेरम' गटाचे सुधारित देशी वाण पुढे आणले. बनीची गुणवत्ता आणि जरीचा उतारा एकत्र आणण्याची ती धडपड होती. १९३४ मध्ये वर्धेत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला आले, तेव्हा हातकताईसाठी चांगल्या धाग्याचा प्रश्न याच परिसरात पुन्हा उभा राहिला, हा योगायोग लक्षणीय आहे. मात्र १९७० मधील 'एच-४' संकरित वाण व २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस यांनंतर जिल्ह्यातील बहुतेक क्षेत्र अमेरिकन जातीकडे गेले आणि दरवर्षी नवे बी विकत घेणे क्रमप्राप्त झाले. बी निवडण्याचा अधिकार बाजाराच्या तराजूकडून बियाण्याच्या पाकिटाकडे गेला. देशी आर्बोरियमचे अनेक नमुने आता नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या (स्थापना १९७६) जनुकपेढीत जतन केलेले आहेत.