दहावीनंतरची वाट : कल, कौशल्य आणि उद्याचे व्यवसाय

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘पुढे काय?’ उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. गुण भरपूर असतील तर विज्ञान, बेताचे असतील तर वाणिज्य, आणि कोठेच प्रवेश मिळाला नाही तर आयटीआय. या उतरंडीत मुलाला काय जमते आणि कशात त्याचे मन रमते, याला फारसे स्थान नसते. त्यात अलीकडे आणखी एका चिंतेची भर पडली आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात कोणते क्षेत्र टिकेल? या प्रश्नाला छातीठोक उत्तर देणाऱ्या जाहिराती पुष्कळ आहेत. परंतु पंधरा वर्षांनंतरच्या पदांची नावे आज कोणालाही खात्रीने सांगता येणार नाहीत. मुलाची क्षमता कोणती, ती घडवणारे शिक्षण कोठे मिळते आणि त्या शिक्षणानंतर पुढची दारे उघडी राहतात का, या तीन गोष्टी मात्र आजही तपासता येतात. करिअर मार्गदर्शनाचे खरे काम तेच आहे.

यंत्र जाते, कौशल्य उरते

भविष्याचा अंदाज बांधताना मागे वळून पाहणे उपयोगी ठरते. गोदरेज अँड बॉईस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढची काही दशके टंकलेखन व लघुलेखनाच्या प्रमाणपत्रांवर असंख्य तरुण-तरुणींना कचेऱ्यांमध्ये नोकऱ्या मिळाल्या. २००९ मध्ये या यंत्रांचे उत्पादन थांबले. यंत्र इतिहासजमा झाले, पण बोटांची गती, मजकुराची नेटकी मांडणी आणि शुद्धलेखनाची जाण संगणकाच्या कळफलकावरही तितकीच उपयोगी पडली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षाही आता संगणकावर होतात. ज्यांनी केवळ यंत्र चालवणे शिकून घेतले, त्यांची अडचण झाली. ज्यांनी मजकूर हाताळण्याचे काम आत्मसात केले, त्यांना डीटीपी आणि संगणकीय कार्यालयीन कामाकडे वळता आले.

आजच्या बदलांची गती अर्थातच अधिक आहे. जागतिक आर्थिक मंचाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोजगारविषयक अहवालासाठी जगभरातील हजाराहून अधिक मोठ्या कंपन्यांची मते घेण्यात आली. त्यानुसार २०३० पर्यंत सुमारे १७ कोटी नव्या नोकऱ्या निर्माण होतील आणि ९.२ कोटी नाहीशा होतील. कर्मचाऱ्यांच्या मूलभूत कौशल्यांपैकी ३९ टक्के कौशल्ये या काळात बदलतील किंवा कालबाह्य होतील, असाही या कंपन्यांचा अंदाज आहे. सर्वाधिक मागणी विश्लेषणात्मक विचारशक्तीला आहे. हे अंदाज आहेत, भाकिते नव्हेत. तरीही एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते : एकदा शिकून आयुष्यभर पुरेल, असे शिक्षण यापुढे कोणत्याच शाखेत मिळणार नाही.

कल आणि अभिक्षमता

मार्गदर्शनाची सुरुवात विद्यार्थ्याला ओळखण्यापासून होते. येथे दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. कल म्हणजे आवड. अभिक्षमता म्हणजे एखादे काम लवकर आणि चांगले शिकण्याची अंगभूत शक्ती. क्रिकेटची आवड असणारा प्रत्येक मुलगा फलंदाज होत नाही, तसेच संगणकावर तासन्‌तास रमणारा प्रत्येक जण आज्ञावलीकार होतोच असे नाही. राज्य शिक्षण मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे त्यासाठी निश्चित करण्यात आली होती. प्रवेशाच्या चर्चेत एरवी ज्यांचे नावही निघत नाही, अशी क्षेत्रे त्यामुळे पालकांसमोर आली.

चाचणीचा निष्कर्ष हा मात्र अंतिम निवाडा नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलाची आवड त्याने पाहिलेल्या जगापुरतीच असते. ज्याने सुताराचा पटाशीवरचा हात किंवा कारखान्यातील लेथ कधी पाहिलेच नाही, तो त्याविषयी आवड-नावड काय सांगणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस आहे, ती याच कारणाने. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम करावे, अशी कल्पना आहे. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाचा दाखला देऊन म्हटले आहे, की १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले आहे. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे, असेही हे धोरण नमूद करते.

आयटीआय : नाव जुने, व्यवसाय नवे

केंद्र सरकारने १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात त्यांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, तर संधाता म्हणजे वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम. प्रशिक्षणाचा मोठा भाग कार्यशाळेत, शिल्पनिदेशकाच्या देखरेखीखाली पार पडतो. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्णांना देशभर ग्राह्य धरले जाणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते.

या यादीत आता सौर तंत्रज्ञ, विद्युत वाहन मेकॅनिक, मेकॅट्रॉनिक्स, त्रिमितीय छपाई, ड्रोन अशा व्यवसायांची भर पडली आहे. नावे आकर्षक असली, तरी त्यांचा पाया जुनाच आहे. सौर पॅनेलमधून मिळणारा डीसी प्रवाह इन्व्हर्टर एसीमध्ये बदलतो. जोडणीत दोष आला तर तो शोधणाऱ्याला वीजतंत्रीचेच मूलभूत ज्ञान लागते. विद्युत वाहनात इंजिनाची जागा मोटार आणि बॅटरी घेते, पण मापन, सुरक्षितता आणि दोषशोधन यांची शिस्त तीच राहते. म्हणून नव्या नावाच्या अभ्यासक्रमात जागा न मिळाल्यास निराश होण्याचे कारण नाही. चांगला वीजतंत्री अल्प मुदतीच्या पूरक प्रशिक्षणाने या क्षेत्रांत शिरू शकतो.

शिकाऊ उमेदवारी : कमावता कमावता शिकणे

संस्थेतील शिक्षणाला कारखान्यातील अनुभवाची जोड देणारी व्यवस्था म्हणजे शिकाऊ उमेदवारी. तिचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. चार ते २९ कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी ते ऐच्छिक आहे. त्याच नियमांनी किमान मासिक विद्यावेतन पात्रतेनुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते.

या व्यवस्थेत दक्षता घ्यावी लागते ती कराराबाबत. उमेदवार आणि आस्थापना यांच्यातील करार केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदवलेला असेल, तरच ती कायद्याने शिकाऊ उमेदवारी ठरते आणि अखेरीस प्रमाणपत्र मिळते. नोंदणी नसेल तर मुलगा वर्षभर राबतो, पण त्याच्या हाती अधिकृत काहीच पडत नाही. ‘आधी काम सुरू कर, कागदपत्रे नंतर पाहू’ हे आश्वासन त्यामुळेच महागात पडू शकते.

पुढची दारे

आयटीआय केले की शिक्षण संपले, हा सर्वांत रूढ गैरसमज. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास प्रवेश नियमांनुसार तंत्रनिकेतनातील पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा मार्ग खुला होतो. कौशल्याधारित पदवीचे पर्यायही वाढत आहेत. राज्याच्या कौशल्य विद्यापीठाला २०२४ मध्ये रतन टाटा यांचे नाव देण्यात आले.

वाट सरळ आहे, पण सोपी नाही. पदविकेत गणिताचा अभ्यास वाढतो. कार्यशाळेत हात बसलेला, पण पुस्तकापासून दूर गेलेला विद्यार्थी तेथे अडखळतो. पुढे शिकण्याची इच्छा असल्यास आयटीआयच्या दोन वर्षांतच गणित आणि इंग्रजीचा सराव चालू ठेवणे हिताचे.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

संस्था आणि तिचा नेमका अभ्यासक्रम, दोन्ही मान्यताप्राप्त आहेत का, हे प्रथम तपासावे. कार्यशाळा प्रत्यक्ष पाहावी : यंत्रे चालू स्थितीत आहेत का, एका यंत्रामागे किती विद्यार्थी आहेत, शिल्पनिदेशकाची जागा भरलेली आहे का. मागील तुकडीतील मुले कोठे शिकाऊ उमेदवारी करतात, याची त्या मुलांकडेच चौकशी करावी. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणाऱ्या खासगी वर्गांकडून ही हमी लेखी मागावी. मुलींच्या बाबतीत ‘हे मुलांचे काम’ असे म्हणून तांत्रिक व्यवसाय आधीच वगळू नयेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र शासकीय संस्थाही आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निर्णयात मुलाचा वाटा असावा. नातेवाइकांत सांगायला बरे वाटते म्हणून घेतलेला प्रवेश पुढे वर्षे आणि पैसा दोन्ही खातो. ज्या कामात हात आणि डोके दोन्ही रमतात, ते काम करणारा तरुण नवे यंत्र आले तरी ते शिकून घेतो. मार्गदर्शकाने आणि पालकांनी त्या कामापर्यंत पोहोचण्याचा रस्ता दाखवावा आणि वाटेत अडचण आली तर पाठीशी उभे राहावे.